पाणीकाकांचे तीस गुण

२ फेब्रुवारी

आला! टॅब आला! मोटरसायकलवरून एक माणूस आला, त्याने सही घेतली, खोकं टेबलावर टेकवलं आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. बाहेर बाकावर ताप-खोकल्याचे सात जण ताटकळत होते, तरी मी उपकेंद्राचं दार आतून लावून घेतलं, कारण खोकं मला एकटीला उघडायचं होतं. एकवीस वर्षं नर्स आहे मी. इतक्या वर्षांत माझ्या हातात पडलेली ही पहिली कोरी करकरीत वस्तू. वजनकाटासुद्धा आधीच्या सिस्टरने वापरून वापरून खिळखिळा केलेला होता.

काम असं आहे. साठीच्या पुढच्या प्रत्येकाच्या घरी जाऊन मी स्मरणशक्तीची चाचणी घ्यायची, तीस गुणांची. गुण कमी पडले की त्या माणसाला टॅबवर शहरातल्या डॉक्टर मॅडम तपासणार, घरच्यांशी बोलणार आणि आजार असेल तर त्याचं नाव सांगणार. आजवर त्यासाठी नऊ तासांचा बसचा प्रवास होता, म्हणून कोणी गेलंच नाही. माणूस विसरायला लागला की 'वय झालं' म्हणायचं आणि त्याची खाट भिंतीकडे सरकवायची. आमच्या सहा गावांत (गावागणिक एक, अशा आम्ही सहा नर्स) स्मृतिभ्रंशाची नोंद किती? शून्य. हे कसं शक्य आहे! मला तर आत्ताच उठून गल्ल्या पालथ्या घालाव्याशा वाटतायत.

कामाची वही वेगळी आहे, तिच्यात भेटी, गुण आणि शेरा. ही वही माझी. इथे मी वाटेल ते लिहीन.

३ फेब्रुवारी

लोकांच्या दारात जायच्या आधी हात बसायला हवा. सरावाला घरात बकरा एकच, तो म्हणजे बाबा. (घरात आम्ही दोघंच. आई जाऊन सात वर्षं झाली, आणि माझं लग्न उपकेंद्राशी झालंय असं आत्या येईल त्याला सांगते.)

बाबा एकोणसत्तरचे. गेली चौतीस वर्षं गावाच्या टाकीचं पाणी तेच सोडतात, म्हणून सगळं गाव त्यांना पाणीकाका म्हणतं. चार गल्ल्या, चार व्हॉल्व्ह. आज दोन गल्ल्यांना, उद्या दोन गल्ल्यांना. पहाटे पाचला त्यांचा हात चाकावर असतो.

चाचणीत पाच शब्द ऐकवायचे आणि पाच मिनिटांनी परत विचारायचे: कात्री, घोडा, खिडकी, मीठ, मामा. बाबांना दोनच आठवले. मग घड्याळ काढायचं आणि काटे सव्वाचारवर लावायचे. बाबांनी बाराही आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसवले, बसमध्ये बसवतात तसे. एकूण गुण एकवीस.

"बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं?"

"तू वाचतेस किती भरभर! माणसाने ऐकायचं कधी?"

खरंच मी फार भरभर वाचते. चूक माझीच. उद्या सावकाश घेईन.

६ फेब्रुवारी

पहिला दिवस! नऊ घरं! पायाचे तुकडे पडलेत आणि मजा एवढी आलीय की झोप येत नाही.

एका आजोबांनी चाचणी म्हणजे डोळ्यांची तपासणी असं समजून एक डोळा झाकून सगळी उत्तरं दिली. त्यांना अठ्ठावीस मिळाले. एका आजीने पेन्सिल कधी धरलीच नव्हती, तिला घड्याळ काढायला सांगणं म्हणजे छळ, म्हणून मी तिला तव्यावर बटणं मांडायला लावली. मॅडमना हे फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, "ताई, हे लिहून पाठवा, आम्हाला सुचलं नव्हतं." मला! त्या मला म्हणाल्या!

डोक्यात जातात ते नातेवाईक. म्हाताऱ्याला पाच शब्द आठवेनात की मागे उभी राहून सून ओठ हलवते, मुलगा खोकल्यातून 'मामा, मामा' करतो. आईला कमी गुण मिळाले तर नाक कापलं जाईल असं त्यांना वाटतं. शेवटी मी नियमच केला, घरच्यांनी बाहेर थांबायचं. "उत्तर त्यांच्या आतून यायला हवं, तुम्ही पुरवलेलं चालणार नाही," असं चांगलं ठणकावून सांगितलं.

संध्याकाळी बाबांवर सराव. चोवीस! माझं वाचन सुधारतंय.

१० फेब्रुवारी

सव्वीस. आता बाबाच विचारतात, "ढमे, आज परीक्षा नाही का?" काल दाढी करता करता आरशात बघून पुटपुटत होते, कात्री, घोडा, खिडकी. मला हसू फुटलं. या वयात एवढी हौस!

मॅडमशी बोलायला नेट फक्त टाकीच्या चौथऱ्यावर मिळतं, बाकी गावात गोल गोल फिरत राहतं. म्हणजे माझा दवाखाना आता बाबांच्या कचेरीत. त्यांनी चौथरा झाडून एक बाक मांडला आणि मग तोच बाक तीन वेळा पुसला. माणूस हौशी असला की असाच.

१३ फेब्रुवारी

आज जे झालं ते आयुष्यभर विसरणार नाही.

खालच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंची सासू. वय चौऱ्याहत्तर, गुण अकरा. शिंपीणबाई म्हणजे तोफ. मी बसायच्या आतच सुरू झाल्या, "म्हातारी मुद्दाम करते हो. कात्र्या लपवते, शिवायला आलेले कपडे उसवून ठेवते आणि वर मलाच चोर म्हणते. दोन वर्षं मी हे सोसतेय." सासूबाईंना हातगाडीवर बसवून चौथऱ्यापर्यंत नेलं. मॅडम पाऊण तास बोलल्या. सासूबाईंशी आधी, आणि तेही लहान मुलाशी बोलतात तसं अजिबात नाही. मग शिंपीणबाईंना म्हणाल्या, "त्या लपवत नाहीत. ठेवतात आणि ठेवलेलं विसरतात. हा आजार आहे. त्यांचा राग तुमच्यावर नाही."

शिंपीणबाई खालीच बसल्या. मग पदर तोंडाला लावून ओक्साबोक्शी रडल्या. "मी परवा हात उचलला हो त्यांच्यावर," म्हणाल्या. सासूबाई त्यांच्या पाठीवर थोपटत विचारत होत्या, "कुणी रडवलं गं तुला?"

सहा गावांतली पहिली नोंद. माझी! पाय जमिनीवर नाहीत माझे. बाबांना सांगितलं तर तेही खूश झाले, आणि जेवताना त्यांनी मला विचारलं, "आज शिंपिणीच्या सासूला न्यायचं होतं ना? काय झालं मग?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चांगली गोष्ट दोनदा सांगायला कुणाला नको असतं?

१८ फेब्रुवारी

संताप, संताप, संताप.

खालच्या गल्लीला तीन दिवस पाण्याचा थेंब नाही आणि वरच्या गल्लीला रोज पाणी. गटारं भरून वाहिली. शिंपीणबाई आमच्या दारात, मागे आणखी चार बायका, प्रत्येकीच्या हातात रिकामी बादली. बाबा म्हणाले, व्हॉल्व्हचा आटा घसरतोय. मी पण खणखणीत ऐकवलं, "चौतीस वर्षांत एकदा चूक झाली तर लगेच दारात?"

"एकदा नाही ताई," शिंपीणबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तेच जास्त झोंबलं. "त्या आट्यावर खापर किती दिवस फोडणार? माझ्या सासूची घेतलीत तशी काकांचीही एकदा परीक्षा घ्या की."

माझंच औषध मला पाजायला निघाल्या! मी तोंडावर सांगितलं, "रोज घेते. काल अठ्ठावीस मिळाले त्यांना. तुम्हाला तरी मिळतील का?"

पाणी समितीने दहा मार्चला बैठक ठेवलीय. टाकीच्या चाव्या दुसऱ्याकडे द्यायच्या का, हे ठरणार. बाबा जेवले नाहीत. व्हॉल्व्ह गेले तर हा माणूस पहाटे उठून करणार काय?  मग कल्पना सुचली. मॅडमच्या समोर रीतसर चाचणी करायची, त्यांच्या सहीचा कागद घ्यायचा आणि बैठकीत फडकवायचा. सगळ्यांची बोलती बंद!

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "सव्वाचारच विचारतील ना गं?"

"तेच असतं," मी म्हटलं. धीर आला त्यांना.

२१ फेब्रुवारी

चाचणीबरोबर घरच्या माणसाने भरायचा आठ प्रश्नांचा तक्ता असतो. आज बाबांचा भरला.

तेच तेच विचारतात का? नाही. (विचारतात, पण मी कामाच्या नादात उत्तरच धड देत नाही.) वस्तू चुकीच्या जागी ठेवतात का? नाही. (चष्मा पिठाच्या डब्यात निघाला, पण मागच्या आठवड्यात माझं पेन पण कुठे निघालं!) ओळखीच्या वाटेवर गोंधळतात का? नाही. (मंगळवारी टाकीवरून परत यायला दोन तास लागले, पण ते म्हणाले पाय मोकळे करत होतो.) नेहमीचं काम जड जातं का? नाही. आटा घसरतोय, दुसरं काही नाही.

आठही 'नाही'. एवढा स्वच्छ तक्ता मी अजून कुणाचा पाहिला नाही.

आजचे गुण: एकोणतीस. एकच गुण गेला, तारखेचा.

२५ फेब्रुवारी

सकाळी दहा वाजता मी, बाबा, चौथरा, टॅब. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आत आणखी एक इस्त्रीचा शर्ट. मी म्हटलं, गारठा आहे, असू दे.

लिहायला जड जातंय. तरी सगळं क्रमाने लिहिते.

मॅडमनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "काका, मी पाच शब्द सांगणार आहे." त्यांनी पहिला शब्द उच्चारायच्या आतच बाबा धडाधड म्हणाले, "कात्री, घोडा, खिडकी, मीठ, मामा." मी टाळी वाजवली. खरंच वाजवली.

मॅडम हसल्या नाहीत. "ताई, यांची चाचणी याआधी किती वेळा झालीय?"

"रोज, मॅडम. सरावासाठी."

"पहिल्या दिवशी किती गुण होते?"

मी म्हटलं एकवीस, पण तेव्हा मी भरभर वाचत होते. त्यांनी ते टिपून घेतलं. "मी दुसरा संच घेते," एवढंच म्हणाल्या. नवे शब्द होते दोरी, बदक, पूल, साखर, काकू. बाबांनी लगेच नीट म्हणून दाखवले. पुढे घड्याळ, काटे पावणेअकरावर. बाबांनी सुरेख गोल काढला, आकडे आता जिथल्या तिथे, आणि काटे लावले सव्वाचारवर. पाच मिनिटांनी मॅडमनी शब्द विचारले.

"कात्री, घोडा, खिडकी, मीठ, मामा," बाबा म्हणाले आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघितलं.

 मॅडम म्हणाल्या, "ताई, मी तेच आठ प्रश्न तोंडी विचारते. काका इथेच बसतील, त्यांच्या पाठीमागे काही नको. तेच तेच विचारतात का?"

मी टॅब उगाच सरळ केला. 

"सांग गं खरं," बाबा म्हणाले.

"हो," मी म्हटलं. मग पुढचा, हो. पुढचा, हो. आठपैकी सात 'हो'. एकेक 'हो' म्हणताना मला कळत होतं की हे सगळं मी पाहिलेलं आहे. पाहिलेलंच नाही, तर या वहीत लिहिलेलंही आहे, आणि प्रत्येकाला कंस घालून ठेवलाय.

मॅडम म्हणाल्या, ही सुरुवात दिसतेय. पण रक्ततपासणी होईपर्यंत नाव द्यायचं नाही, कारण रक्तात जीवनसत्त्व वगैरे कमी असलं तरी असं होतं. मग त्यांनी बाबांना विचारलं, "काका, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मला कळत होतं हो," म्हणाले. "दिवाळीच्याच नाही, मागच्या उन्हाळ्याच्याही आधीपासून. पहाटे इथे येऊन उभा राहतो आणि आज कुणाची पाळी तेच आठवत नाही. ही सरावाला लागली तेव्हा वाटलं बरं झालं. पाठ झालं की सुटेन. हिला वाटायचं मी हिला मदत करतोय."

२६ फेब्रुवारी

रक्त काढलं. माझ्या हाताने, पहिल्याच टोचणीत. बाकी काही लिहीत नाही.

१ मार्च

काल दिवसभर एकच विचार. मी दुसऱ्यांच्या सुनांना दाराबाहेर काढलं आणि स्वतः घरात बसून बाबांना रोज उत्तरं घोटून दिली. मॅडमना फोन करून म्हटलं, मला या कामातून काढा. त्या म्हणाल्या, "ताई, आधी एक सांगा. बाकीच्या पाच गावांतल्या नर्सनी सराव कुणावर केला असेल?"

 घरातल्या म्हाताऱ्यावरच! दुसरं कोण असतं सरावाला?

लगेच पाचही जणींना फोन लावले. पाचपैकी चौघी! एकीचे सासरे, दोघींच्या आया, एकीची मोठी जाऊ. सगळ्यांचे गुण चढत गेलेले आणि सगळ्याजणी खूश, अगदी माझ्यासारख्या. मी म्हटलं, "पहिल्या दिवसाचे गुण काढा. फक्त पहिल्या दिवसाचे." पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज यायचा, आणि मग हळू आवाजात एक आकडा. तो आवाज मला ओळखीचा होता.

दोघींच्या माणसांचे पहिल्या दिवशीचे गुण कमी निघाले, त्यांना मॅडम उद्या दुसऱ्या संचाने तपासणार आहेत. सरावासाठी आता वेगळाच संच निघणार आहे, घरच्यांवर वापरला तरी चालेल असा, आणि तो आम्ही सहा जणी मिळून लिहायचाय.  आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

८ मार्च

रक्तात काहीच कमी नाही. मी कमी निघावं म्हणून मनातल्या मनात हात जोडले होते. मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं, अगदी सरळ, बाबांकडे बघून. गोळी सुरू. ती आजार थांबवत नाही, थोडा वेग आवरला तर आवरते. "पण लवकर सापडलंय," त्या म्हणाल्या. "काकांना अजून पुष्कळ येतं. ते वापरा."

बाबा घरी येताना म्हणाले, "दुसरी नोंद माझी का गं?"

"हो."

"शिंपिणीची सासू पहिली आली म्हणायची," म्हणाले. मी रस्त्यात उभी राहून हसले आणि रडले, दोन्ही एकदम.

१० मार्च

बैठक. मी फडकवायला कागद नेलाच नाही. उभी राहिले आणि सांगून टाकलं की माझ्या बाबांना आजार आहे, तीन दिवस पाणी आलं नाही ते त्यामुळे आणि मी शिंपीणबाईंना नको ते बोलले. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले की मग चाव्या काढून घेणंच बरं, वाईट वाटतं पण इलाज नाही. दोन-चार माना डोलल्या. बाबा खाली बघत होते.

तेव्हा शिंपीणबाई उठल्या. अंगात आलं की काय असं वाटावं अशा. "काढून घ्या आणि द्या कुणाला? तिसऱ्या व्हॉल्व्हला किती फेरे द्यायचे, सांगा बघू. कुणाला ठाऊक आहे?"

 अध्यक्ष म्हणाले, सगळ्यांना सारखेच असतील.

बाबांनी मान वर केली. "साडेसहा," म्हणाले. "सात दिले की दुकानापाशी पाइप फुटतो. पहिल्याला नऊ, दुसऱ्याला अकरा, पण आधी चौथा अर्धा बंद करून घ्यायचा, नाहीतर चढावर पाणी चढत नाही. चाक जड लागलं तर जोर नाही करायचा, उलटं पाव फेरा आणून मग पुढे." एका दमात. मधे एकदाही अडखळले नाहीत. चौतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुठे लिहिलेलंही नव्हतं. मला मॅडमचं वाक्य आठवलं. हे सगळं त्यांच्याकडून काढून घ्यायचं, पण आत्ता, लवकर, रोज!

ठराव झाला. पाळीचा दिवस शिंपीणबाई सांभाळणार आणि काम शिकणार. चाकावर हात बाबांचा, जमेल तोवर. जमत नाही हे कोण ठरवणार, असं अध्यक्षांनी विचारलं. "मी सांगेन," बाबा म्हणाले. "आणि मला कळलं नाही तर ही सांगेल. आता खरं सांगते ती."

१२ मार्च

पहाटे पाचला तिघं चौथऱ्यावर. शिंपीणबाईंच्या हातात शिवणाच्या मापांची वही, तिच्यात एका पानावर कंबर, छाती, बाही आणि समोरच्या पानावर फेरे. मला तसं तिथे काही काम नव्हतं, तरी गेले. रात्रभर उत्साहाने डोळा लागला नव्हता.

बाबा चारही चाकांसमोर उभे राहिले आणि थांबले. त्यांचा चेहरा मी आधीही असा पाहिला असणार, लक्ष दिलं नाही इतकंच. मी बोलायला तोंड उघडलं, पण शिंपीणबाईंनी माझा हात दाबला आणि वाट बघितली.

"कुणाची पाळी गं आज?" बाबांनी विचारलं.

"खालच्या गल्लीची, काका."

"मग मधे काय उभी राहिलीस? सरक बाजूला," असं म्हणून त्यांनी बाह्या वर केल्या आणि चाकाला हात घातला.